प्रोसेसर आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळे लावल्यावर स्पीकरमधून येणारी घुरघुर: कुठून येते आणि कशी घालवायची

एव्हीआर (सगळं एकाच डब्यात असलेला होम थिएटर रिसीव्हर) काढून त्याजागी सिग्नल तयार करणारा वेगळा सराउंड प्रोसेसर आणि स्पीकर चालवणारा वेगळा पॉवर अ‍ॅम्प बसवला, की पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार एकच असते: काहीही चालू नसताना स्पीकर घुंऽऽ करत राहतात. आधीच्या एव्हीआरला याच टीव्हीवर, याच डिशवर असा आवाज नव्हता, म्हणून संशय थेट नव्या अ‍ॅम्पवर जातो. अ‍ॅम्प परत पाठवला जातो, बदलून येतो, आणि घुरघुर तशीच. बहुतेक वेळा दोष कुठल्याच डब्यात नसतो, तो डब्यांना जोडणाऱ्या वायरींतून फिरत असतो.

आधी आवाज ओळखा

जाड, सलग, खर्जातला ‘घुं’ म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या विजेची हीच फ्रिक्वेन्सी. असा आवाज आला की अर्थिंगचा लूप (अर्थच्या वायरी आणि डबे जोडणाऱ्या केबली मिळून करंटसाठी तयार झालेला बंद फेरा) समजायचा. पुढचा बराचसा मजकूर त्याच्यावरच आहे.

खरखरीत, टोचणारा, माशी अडकल्यासारखा ‘झर्रर्र’ आवाज १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटींचा असतो. त्यामागे फॅन रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा इन्व्हर्टर निघतो.

ट्वीटरला (स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या छोट्या ड्रायव्हरला) कान लावल्यावर ‘सुस्स’ असा फुसफुसाट ऐकू येत असेल तर त्याचा अर्थिंगशी संबंध नाही. तो गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवला जातो त्याचा मामला. अ‍ॅम्पला गेनची नॉब असेल तर ती थोडी उतरवा आणि प्रोसेसरवर लेव्हल पुन्हा लावा. बसल्या जागेवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या. ९५ डीबीच्या वरच्या सेन्सिटिव्हिटीचे हॉर्न स्पीकर थोडेफार फुसफुसणारच.

स्पीकर गप्प, पण अ‍ॅम्पचा डबाच गुणगुणतोय? हा ट्रान्सफॉर्मरचा आवाज. मोठ्या टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरला मेन्समधला थोडासा डीसीसुद्धा सोसत नाही. घरात कुणी हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर लावला की गुणगुण वाढते आणि बंद केला की थांबते, असं दिसलं तर खात्री पटते; बऱ्याच ड्रायरची अर्धी स्पीड डायोड घालून विजेची अर्धी लहर कापूनच केलेली असते. केबल बदलून हा आवाज जात नाही. एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पॉवर सप्लाय) असलेल्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये तो सहसा नसतोच.

आणि घुरघुरीबरोबर प्रोटेक्टचा (स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट तोडल्याचा) लाल दिवा लागत असेल, रिले टकटक करत असेल किंवा जळका वास येत असेल तर इथेच थांबा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

व्हॉल्यूमची परीक्षा, आणि तिच्यातली फसगत

व्हॉल्यूम पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून बघा (म्यूझिक बंद ठेवून, हे सांगायला नको). घुरघुर व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर ती एखाद्या ॲनालॉग इनपुटमधून, उदाहरणार्थ टर्नटेबल किंवा जुन्या सीडी प्लेअरच्या आरसीएतून (मधे पिन आणि बाहेर कडी असलेल्या प्लगच्या जोडणीतून) शिरते आहे. जराही हलली नाही तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, म्हणजे प्रोसेसरचं आउटपुट ते अ‍ॅम्पचं इनपुट या टप्प्यात शिरते आहे.

इथपर्यंत बरोबर. फसगत पुढच्या निष्कर्षात होते. ‘व्हॉल्यूमने फरक पडत नाही, म्हणजे टीव्ही-डिशचा संबंध नाही, अ‍ॅम्पच खराब’ असं समजलं जातं. एचडीएमआयमधला आवाज डिजिटल असतो, त्याच्या आकड्यांत ५० हर्ट्झची घुरघुर मिसळू शकत नाही, हे खरंच. पण एचडीएमआय केबलच्या शील्डमधून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून) करंट मात्र वाहू शकतो. डिशच्या कोॲक्स वायरीवरून सेट-टॉप बॉक्सला, तिथून एचडीएमआयच्या शील्डवरून प्रोसेसरच्या बॉडीला, तिथून आरसीएच्या शील्डवरून अ‍ॅम्पला आणि अ‍ॅम्पच्या थ्री-पिनमधून अर्थला, असा त्याचा पूर्ण फेरा होतो. आरसीएमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वायर असते, त्यामुळे शील्डवर जो व्होल्टेज पडेल तो अ‍ॅम्पला सिग्नलच वाटतो.

आकड्यांत बघा. शील्ड आणि प्लगच्या जोडांचा रेझिस्टन्स ०.१ ओम धरला आणि १० मिलिअ‍ॅम्पिअर करंट धरला, तर १ मिलिव्होल्ट पडतो. पॉवर अ‍ॅम्पचा गेन साधारण २९ डीबी, म्हणजे २८ पट. स्पीकरला २८ मिलिव्होल्ट मिळाले. ९० डीबीच्या ८ ओम स्पीकरवर हे एक मीटरवर सुमारे ५० डीबी भरतं. रात्रीच्या शांत खोलीत सहज जाणवतं. एव्हीआरमध्ये प्री आणि पॉवर एकाच डब्यात, एकाच ग्राउंडवर असतात, म्हणून तोच करंट तिथे वाहत असूनही ऐकू येत नव्हता. वेगळे डबे घेतल्यावर मधे केबल आली, आणि घुरघुर तिच्यातून ऐकू यायला लागली.

फुकटातले तपास

पहिला तपास खोलीतल्या बटणांचा. पंखा बंद करा, डिमरवरचे दिवे बंद करा. गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला फॅन रेग्युलेटर ट्रायॅकवर चालतो, तो दर अर्ध्या लहरीला वीज कापतो आणि आजूबाजूच्या वायरींत झर्रर्र सोडतो. पंखा फुल केल्यावर किंवा बंद केल्यावर आवाज गेला तर कपॅसिटरचा, पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवून घ्या. वायरमनला दहा मिनिटांचं काम. लाइट गेल्यावरच घुरघुर येत असेल तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. प्रोसेसर हवा असल्यास शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ठेवा, मोठा पॉवर अ‍ॅम्प मात्र घरगुती इन्व्हर्टरवर नकोच. सुरू होताना त्याचा ट्रान्सफॉर्मर जो झटका ओढतो त्यानेच छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

आवाज एकाच स्पीकरमधून येतोय का? मग अ‍ॅम्पच्या इनपुटला डावी-उजवी केबल आपापसात बदला. घुरघुर दुसऱ्या स्पीकरला गेली तर दोष केबलमध्ये किंवा प्रोसेसरच्या त्या आउटपुटमध्ये. जागेवरच राहिली तर अ‍ॅम्पचा तो चॅनेल बघायचा. सगळ्या स्पीकरमधून सारखीच येत असेल तर तो लूपच.

एक सवय मात्र लावून घ्या: आरसीए काढताना-घालताना अ‍ॅम्प बंद करा आणि मिनिटभर थांबा. आरसीएची मधली पिन बाहेरच्या कडीच्या आधी टेकते. त्या क्षणी ग्राउंडच नसतो आणि पूर्ण ताकदीची घुरघुर स्पीकरला जाते. असे ट्वीटर उडालेले आहेत.

डिशची आणि केबलची वायर

एकच तपास करायला वेळ असेल तर हा करा. सेट-टॉप बॉक्स मेन स्विचवरून बंद करा आणि मागची कोॲक्स वायर, तो फिरवायचा एफ-कनेक्टर, हाताने पूर्ण सोडवा. नुसता बॉक्स रिमोटने किंवा स्विचने बंद करून उपयोग नाही. बॉक्स बंद असला तरी शील्ड जोडलेलीच राहते, म्हणूनच ‘डिश बंद करून बघितलं, फरक नाही’ या उत्तरावर विसंबू नये. वायर सुटताच घुरघुर थांबली, तर चोर सापडला.

वायर एवढी का नडते? डिशचा स्टँड गच्चीवर लोखंडी पाइपला किंवा कॉलमच्या सळईला टेकलेला असतो, म्हणजे त्याला स्वतःचा वेगळा अर्थ मिळालेला असतो. केबलवाल्याच्या वायरीत भानगड आणखी मोठी: जिन्यातला सिग्नल बूस्टर दुसऱ्याच कुठल्या मीटरवरून वीज घेतो आणि एकाच वायरीची जाळी आख्ख्या इमारतीतल्या बॉक्सना जोडते. नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये काय किंवा सिडकोतल्या रो-हाउसमध्ये काय, प्रकार तोच.

उपाय मात्र दोन्हींना वेगळे. केबलसाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, छोटी नळकांडी, वायरीच्या मधे घालायची. शील्ड तुटते, सिग्नल जातो. हाच आयसोलेटर डिशला लावू नका. डिशच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या रिसीव्हरला) बॉक्सकडून त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी आणि २२ किलोहर्ट्झचा टोन जात असतो. साधा आयसोलेटर डीसी अडवतो आणि टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ येतं. डिशसाठी योग्य मार्ग म्हणजे वायर घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक घालून तिची शील्ड घराच्याच अर्थिंगला बांधणे. त्यासाठी वायरमन लागतो. मे-जूनमधल्या वळवाच्या गडगडाटात गच्चीवरून येणाऱ्या वायरीला हा जोड असलेला बराच.

‘ऑप्टिकल एचडीएमआय केबल घातली की लूप तुटतो’ असं दुकानात सांगतात. नेहमी तुटत नाही. चित्र-आवाज काचेच्या तंतूतून जातात, पण अशा बऱ्याच केबलींत कमी वेगाच्या सिग्नलसाठी आणि ५ व्होल्टसाठी तांब्याच्या वायरी ग्राउंडसकट असतातच. महागडी केबल घेण्याआधी जुनी एचडीएमआय नुसती काढून बघा.

सगळं काढा, मग एकेक जोडा

कोॲक्स सोडवूनही आवाज राहिला तर अंदाज बांधत बसू नका. अ‍ॅम्प बंद करून त्याचे सगळे इनपुट काढा आणि नुसता अ‍ॅम्प व स्पीकर असं चालू करा. आदर्श परीक्षा हवी असेल तर दोन-तीन आरसीए प्लग घेऊन मधली पिन आणि बाहेरची कडी डाग देऊन जोडा आणि ते अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा. एमजी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत प्लग किरकोळ पैशांत मिळतात. हे शॉर्टिंग प्लग अ‍ॅम्पच्या इनपुटलाच लावायचे; प्रोसेसरच्या आउटपुटला लावलेत तर आउटपुट स्टेज शॉर्ट होईल. इनपुट शॉर्ट करूनही स्पीकर घुरघुरत असेल तर, आणि फक्त तेव्हाच, अ‍ॅम्पला दोष द्या.

अ‍ॅम्प शांत निघाला, की प्रोसेसर जोडा, पण प्रोसेसरला दुसरं काहीही जोडलेलं नको. मग एकेक वायर परत लावत जा आणि दर वेळी ऐका. या टप्प्यावर ज्या वायरी लक्षात येत नाहीत त्या अशा. सबवूफर: तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या सॉकेटवर, आणि मधे आठ-दहा मीटरची आरसीए; लूपसाठी याहून मोठं क्षेत्रफळ मिळणं अवघड. लॅपटॉप: थ्री-पिन चार्जर काढून बॅटरीवर चालवा, आवाज गेला तर उत्तर मिळालं. लॅन: आत ट्रान्सफॉर्मर असल्याने लॅन तशी निर्धोक, पण धातूच्या प्लगची शील्डेड वायर असेल तर शील्ड दोन्ही डबे जोडते, साधी प्लास्टिक प्लगची कॅट-६ घाला. आणि १२ व्होल्ट ट्रिगरची (एक यंत्र चालू होताच दुसरं आपोआप चालू करणारी) बारीक वायर. तिच्यात काय असणार, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, पण तिलाही ग्राउंड असतो, आणि ती प्रोजेक्टरच्या स्क्रीनला किंवा दुसऱ्या सॉकेटवरच्या दुसऱ्या अ‍ॅम्पला गेलेली असेल तर तोही एक लूप.

एचडीएमआय मात्र दोन्हीकडची वीज बंद करूनच काढा-घाला. टू-पिनच्या टीव्ही आणि बॉक्सच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तो त्यांच्या एसएमपीएसचा लीकेज. माणसाला तो सहसा इजा करत नाही, पण चालू स्थितीत प्लग घालताना तोच एचडीएमआयच्या पिनांतून जातो आणि प्रोसेसरचा बोर्ड मरतो.

सगळं एका बोर्डावर

इथे आपल्या फ्लॅटच्या वायरिंगची एक खोड कळीची ठरते. टीव्हीच्या भिंतीवर सहसा ६ अ‍ॅम्पिअरचे सॉकेट असतात. अ‍ॅम्पचा प्लग १६ अ‍ॅम्पिअरचा आला, तर तो एसीच्या मोठ्या सॉकेटवर जातो. एसीचा पॉइंट डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य बोर्डापासून) स्वतंत्र एमसीबीवर, स्वतंत्र अर्थ वायर घेऊन आलेला असतो. मग प्रोसेसरची अर्थ वायर एका वाटेने डीबीत जाते, अ‍ॅम्पची दुसऱ्या वाटेने, आणि मधे आरसीएने गाठ मारलेली. वीस-पंचवीस मीटरचा लूप असा तयार होतो.

एकाच १६ अ‍ॅम्पिअर सॉकेटमधून, १६ अ‍ॅम्पिअरचा प्लग असलेल्या चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर प्रोसेसर, अ‍ॅम्प, बॉक्स, टीव्ही आणि शक्य असेल तर सबवूफर घ्या. लोड पेलेल का, ही भीती असते. २३० व्होल्टवर १६ अ‍ॅम्पिअर म्हणजे ३६८० वॅट. सात चॅनेलचा क्लास-एबी अ‍ॅम्पसुद्धा घरच्या व्हॉल्यूमला याच्या जवळपासही जात नाही. अट एवढीच की त्या सॉकेटवर एसी नको, आणि ६ अ‍ॅम्पिअरचा स्वस्त स्पाइक गार्ड मधे नको. थ्री-फेज मीटरच्या बंगल्यात सगळी यंत्रं एकाच फेजवर आहेत ना, तेही वायरमनकडून बघून घ्या.

केबल: आरसीए की एक्सएलआर

मेनच्या वायरी आणि सिग्नलच्या केबली एकाच गुंडाळीत बांधू नका. एक फूट अंतर ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. रॅकच्या मागे नीटनेटकं दिसावं म्हणून सगळं एका झिप-टायमध्ये आवळलेलं असतं, त्याने काम बिघडतं.

दोन्ही डब्यांना एक्सएलआर (तीन पिनची बॅलन्स्ड जोडणी) असेल तर तेच वापरा. मरांट्झच्या एव्ही १० सारख्या प्रोसेसरला प्रत्येक चॅनेलसाठी आरसीए आणि एक्सएलआर दोन्ही असतात, आणि तरीही लोक हाताशी असलेल्या जुन्या आरसीए जोडतात. एक्सएलआरमध्ये १ नंबरची पिन शील्ड, २ आणि ३ वर सिग्नल; शील्डवर करंट वाहिला तरी तो सिग्नलच्या वाटेत येत नाही. बदलल्यावर दोन गोष्टी विसरू नका: अ‍ॅम्पच्या मागचा आरसीए/एक्सएलआर निवडायचा स्विच, आणि लेव्हल. एक्सएलआरवर सहसा ६ डीबी जास्त मिळतं, म्हणून रूम कॅलिब्रेशन (माइक ठेवून प्रोसेसर लेव्हल लावतो ते) पुन्हा चालवा.

प्रोसेसरला फक्त आरसीए आणि अ‍ॅम्पला एक्सएलआर, असं असेल तर बाजारातला अडॉप्टर घेऊ नका. दोन आतल्या तारा आणि वर शील्ड असलेली माइकची केबल घ्या. आरसीएची मधली पिन २ नंबरला, कडी ३ नंबरला, शील्ड फक्त अ‍ॅम्पच्या बाजूला १ नंबरला. आरसीएच्या टोकाला शील्ड मोकळी. एवढ्याने बऱ्याच घरांतली घुरघुर संपते.

सबवूफरसाठी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा शेवटचा पर्याय. स्वस्त, काडेपेटीएवढे आयसोलेटर घुरघुर घालवतात आणि तिच्याबरोबर २०-३० हर्ट्झचा बासही खातात, कारण एवढासा कोअर खालच्या फ्रिक्वेन्सीला सॅच्युरेट होतो. घ्यायचाच तर २० हर्ट्झपर्यंत सरळ चालणारा घ्या, नाहीतर सब त्याच बोर्डावर आणा.

अर्थिंगच कच्चं असेल तर

आता मल्टिमीटर. सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या. एसी रेंजवर, त्याच १६ अ‍ॅम्पिअर सॉकेटमध्ये तीन रीडिंग: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

फेज-अर्थ शंभर-दीडशेच्या घरात तरंगत असेल तर अर्थ वायर कुठेतरी तुटलेली आहे. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस व्होल्ट असेल तर अर्थिंग कच्चं किंवा न्यूट्रल सैल. आणि गीझर-एसी चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ ठणठणीत शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका: कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असण्याची दाट शक्यता आहे. अशा घरात न्यूट्रल तुटला, तर प्रत्येक धातूच्या डब्यावर २३० व्होल्ट येतात.

नाशिकची जमीन इथे आडवी येते. वर मुरूम आणि खाली काळा बेसॉल्ट. अर्थिंगचा रॉड काही फुटांवर खडकाला लागतो, आणि मार्च ते जून मुरूम कोरडा पडला की रेझिस्टन्स चढतो. घरातल्या सगळ्या यंत्रांच्या लीकेजला जमिनीची वाट अवघड झाली, की तो डिशच्या किंवा केबलच्या शील्डमधून वाट काढतो, म्हणजे तुमच्या आरसीएवरून. घुरघुर एप्रिलमध्ये सुरू होऊन जुलैत आपोआप जात असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. बंगल्यात, रो-हाउसमध्ये संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी ऐका. फरक पडला तर खड्डा पुन्हा भरून घ्या. फ्लॅटमध्ये खड्डा सोसायटीचा असतो, तिथे सोसायटीच्या वायरमनला अर्थ टेस्टर लावून रीडिंग लिहून द्यायला सांगा. तोंडी ‘ठीक आहे’ चालणार नाही.

अर्थची पिन तोडू नका

अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढली किंवा टू-पिन अडॉप्टर लावला की घुरघुर तत्काळ थांबते. ‘माहीतगार’ म्हणवणारेही हा सल्ला देतात. आत इन्सुलेशन फाटलं तर फेज थेट बॉडीवर येतो. अर्थ नसल्याने एमसीबी पडत नाही, आणि आरसीए-एचडीएमआयच्या शील्डवरून तो प्रत्येक डब्यावर पोचतो. तपासापुरतंसुद्धा करू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

न्यूट्रल-अर्थचं रीडिंग वाईट असेल, अर्थ तुटलेला असेल किंवा थ्री-पिनच्या यंत्राला हात लावल्यावर झटका बसत असेल तर लायसन्सधारक इलेक्ट्रिशियन. सिस्टीम तोपर्यंत बंद. आरसीसीबी (लीकेज होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ती काढून टाकायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका, ती तिचं काम करते आहे. शेजाऱ्यांकडेही दिवे मंद-प्रखर होत असतील तर न्यूट्रल खांबावर सैल असू शकतो. महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा.

अ‍ॅम्पवर संशय असेल तर स्पीकरच्या वायरी काढून, इनपुट शॉर्ट करून, प्रत्येक चॅनेलच्या प्लस-मायनसवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. पन्नासच्या आत असेल तर ठीक. शंभरच्या वर गेलं तर सर्व्हिस सेंटर. थेट काही व्होल्ट दिसले तर त्या चॅनेलला स्पीकर पुन्हा लावूच नका, व्हॉइस कॉइल जळेल. मोजताना प्रोब मायनस टर्मिनलवरच ठेवा, बॉडीवर नाही. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पमध्ये मायनसवरही सिग्नल असतो.

झाकण उघडू नका. फिल्टर कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही बराच वेळ पन्नास-साठ व्होल्ट किंवा त्याहून जास्त राहू शकतात, आणि नव्या यंत्राची वॉरंटीही सील तुटल्याबरोबर वादात जाते. सर्व्हिस सेंटरला ‘हम (घुरघुर) येतोय’ एवढंच सांगितलं तर ते आपल्या बेंचवर, आपल्या अर्थिंगवर अ‍ॅम्प लावतात, शांत दिसतो आणि तसाच परत येतो. त्यांना लेखी द्या: इनपुट शॉर्ट असताना कुठल्या चॅनेलवर आवाज येतो, डीसी किती मिलिव्होल्ट आहे, आवाज ५० हर्ट्झचा की १०० चा, आणि यंत्र गरम झाल्यावर वाढतो का.